विडी वळणाऱ्या बायकांची दहा हजार घरे: सोलापूरची एक सहकारी संस्था समजून घेताना

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने बाहेर पडले की थोड्याच वेळात कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव लागते. या गावाच्या शिवारात एकसारख्या छोट्या घरांच्या रांगा दूरवर पसरलेल्या दिसतात. बाहेरगावचा माणूस ती सरकारने बांधून दिलेली वसाहत समजतो. सोलापूरकर तिला ‘विडी घरकुल’ किंवा ‘गोदूताई घरकुल’ म्हणतात. कागदोपत्री तिचे नाव ‘कॉम्रेड गोदावरी परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था’ असे भलेमोठे आहे. १ सप्टेंबर २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते येथल्या दहा हजार घरांचे लोकार्पण झाले आणि ही घरे विडी वळणाऱ्या बायकांच्या नावावर झाली.

संस्थेला ज्यांचे नाव दिले आहे त्या गोदावरी परुळेकर (१९०७ ते १९९६) सोलापूरच्या नव्हेत. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या या बाईंनी ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींना १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उभे केले, आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर त्यांना ‘गोदाराणी’ म्हणत. सोलापूरच्या तेलुगूभाषक विडी कामगार बायकांच्या वसाहतीला त्यांचे नाव लागले, यामागे लाल बावट्याच्या कामगार चळवळीचा धागा आहे.

या वसाहतीचे कौतुक बहुतेक वेळा आकड्याने सुरू होते आणि आकड्यावरच संपते. ज्या बाईला हजाराच्या हिशेबाने मजुरी मिळते, जिच्या कामाच्या जागेला कारखान्याची पाटी नाही आणि जिला बँक दारात उभी करत नाही, ती बाई पक्क्या घराची मालकीण कशी झाली, हा त्यामागचा प्रश्न मात्र फारसा कुणी उलगडून सांगत नाही. त्याचे उत्तर मला सिमेंट-विटांपेक्षा कागदांच्या एका साखळीत सापडते. या साखळीतल्या प्रत्येक कागदावर आधी बाईचे नाव यावे लागले, आणि ते नाव लावून घेणे हेच संघटनेचे खरे काम होते.

घर हाच कारखाना

सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी सुरू झाली. जुन्या माणसांच्या तोंडी ती अजून ‘जुनी मिल’ आहे. गिरण्या आणि हातमाग यांच्या ओढीने तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे मोठ्या संख्येने येथे आली आणि शहराच्या पूर्व भागात स्थिरावली. पुरुष गिरणीत किंवा मागावर आणि बाई विडीवर, अशी या भागातल्या हजारो घरांची विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. पद्मशाली बायकांबरोबर कन्नडभाषक, मुस्लिम आणि दलित वस्त्यांतल्या बायकाही या कामात होत्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तसतशी बाईची विडीची मजुरी ही जोडकमाई न राहता अनेक घरांचा मुख्य आधार बनली. लग्न जुळवताना मुलीला विड्या वळता येतात का, हे विचारले जाई, कारण तो हातातला हुन्नर सासरच्या घरात रोजची मजुरी घेऊन येत असे.

कामाची रीत अशी. बाई सकाळी कारखान्याच्या ‘ब्रँच’वर जाते. ब्रँच म्हणजे कारखानदाराचे वस्तीतले केंद्र. तेथे तिला तेंदूची वाळलेली पाने आणि तंबाखू तोलून मिळतात. घरी आणून पाने भिजवायची, मऊ झाली की पत्र्याच्या मापाने कात्रीने आयताकार कापायची, मांडीवर सूप घेऊन बसायचे, पानात चिमूटभर तंबाखू भरून ते वळायचे, तोंड दुमडायचे आणि बारीक दोऱ्याने बांधायचे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा होतो. दुसऱ्या दिवशी तयार विड्या ब्रँचवर न्यायच्या, तेथे त्या तपासल्या जातात आणि बारीक, ढिल्या किंवा फुटक्या ठरलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात. या नाकारलेल्या विड्यांना ‘छाट’ म्हणतात. उरलेल्यांची मजुरी हजाराच्या दराने मिळते. दिवसाला हजार विड्या वळायच्या तर दहा-बारा तास मान खाली घालून बसावे लागते, आणि स्वयंपाक, पाणी, पोरेबाळे हे सगळे त्या तासांच्या आजूबाजूला उरकावे लागते.

या रीतीत कारखानदाराला इमारत लागत नाही. पाने भिजवायला पाणी, विड्या वाळवायला जागा, रात्री बसायला दिव्याचा उजेड आणि दोरा गुंडाळून द्यायला शेजारी बसलेली मुलगी हे सारे बाई स्वतःच्या घरातून पुरवते. तिचे घर ही उत्पादनाची जागा आहे आणि त्या जागेचे भाडे ती स्वतः भरते. पूर्व भागातल्या एका खोलीच्या भाड्याच्या घरात पाच-सहा माणसे, चूल, अंथरुणे आणि तंबाखूची बारीक धूळ एकत्र नांदत असत. पावसाळ्यात छत गळले तर भिजलेल्या पानांचे आणि वाया गेलेल्या विड्यांचे नुकसान तिच्याच मजुरीतून जायचे, शिवाय तंबाखूच्या धुळीने होणारा खोकला, वाकून बसल्याने जडलेले पाठदुखीचे आणि मानेचे आजार घरात राहत, कारण काम घरातच राहत होते. म्हणून विडी कामगारासाठी घराचा प्रश्न आणि कामाचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. गिरणी कामगाराला पगारवाढ हवी असते आणि राहायला घरही हवे असते, या दोन मागण्या आहेत. विडी वळणाऱ्या बाईला चांगले घर मिळणे ही तिच्या कामाच्या जागेची सुधारणा आहे. ही गोष्ट लक्षात घेतली नाही तर कामगार संघटना दरवाढीबरोबर घरबांधणीत का शिरली, हे कळत नाही.

पहिला कागद: ‘ही कामगार आहे’

घरी बसून काम करणाऱ्या माणसाला कामगार म्हणायचे की नाही, हा जगभरचा जुना वाद आहे. मालक म्हणतो, मी कच्चा माल विकतो आणि तयार माल घेतो, ती स्वतंत्र धंदा करते. तसे मानले तर किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, बाळंतपणाची रजा, काहीच लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी राहून काम करणाऱ्यांसाठीचा करार १९९६ मध्ये केला, आणि भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. पण विडीच्या बाबतीत भारताच्या संसदेने त्याच्या तीस वर्षे आधी पाऊल टाकले होते.

१९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या करताना, मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणाऱ्या व्यक्तीचाही त्यात समावेश करण्यात आला. व्याख्येतली ही एक ओळ लाखो बायकांच्या आयुष्याशी जोडलेली आहे. याच कायद्याने विडी तयार करण्याच्या औद्योगिक जागांसाठी परवाना, स्वच्छता, हवा-उजेड, पिण्याचे पाणी, कामाचे तास आणि ठरावीक संख्येहून जास्त स्त्रिया असल्यास पाळणाघर अशी बंधने घातली. कच्चा माल किती द्यायचा आणि किती विड्या नाकारायच्या यावरून होणाऱ्या वादांच्या निवाड्याची सोयही त्यात होती. कारखानदारांनी कायद्याला आव्हान दिले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. १९७७ मध्ये भविष्य निर्वाह निधीची योजना विडी उद्योगाला लागू झाली.

कायद्याचा एक उलटा परिणामही झाला. कारखान्यात बायका बसवल्या तर सोयी द्याव्या लागतात, मग त्या घरीच बसवणे परवडते, असा हिशेब अनेक मालकांनी केला आणि घरी विड्या वळण्याची पद्धत आणखी पसरली. व्याख्येने घरातली बाई कामगार ठरली खरी, पण ती अमुक मालकाची कामगार आहे हे तिने सिद्ध करायचे कशाने? तिला रोज दिलेला माल आणि तिने दिलेल्या विड्या ज्या कार्डावर किंवा वहीत लिहिल्या जातात, तो कागद तिच्या नावाचा असला पाहिजे. कार्ड एकीचे आणि त्यावर तिघी वळतात, किंवा कार्डच नाही आणि ब्रँचबाहेरच्या मध्यस्थाकडून माल घेऊन काम चालते, असे प्रकार या धंद्यात सगळीकडे होत आले आहेत. ज्या बाईचे नाव कार्डावर नाही, ती कायद्याच्या दृष्टीने कुठेच नसते.

म्हणून विडी कामगार संघटनांच्या जुन्या लढ्यांत मजुरीच्या दराइतकाच जोर कार्ड, ओळखपत्र आणि भविष्य निर्वाह निधीवर राहिला. सोलापुरात हे काम मुख्यतः लाल बावट्याखालच्या युनियनने केले. सिटू या कामगार संघटनेचे नरसय्या आडम हे तिचे सर्वांत परिचित नेते, ज्यांना शहर ‘आडम मास्तर’ म्हणते आणि ज्यांनी तीन वेळा विधानसभेत शहराचे प्रतिनिधित्व केले. संघटनेच्या सभांना आलेल्या बायका तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी हिंदी बोलत. घरकुलांचे श्रेय नेत्याचे की बायकांचे, यावर सोलापुरात अजून चर्चा होते. नेतृत्वाशिवाय ही योजना मंत्रालयापर्यंत पोहोचली नसती. पण दिवसाची मजुरी बुडवून मोर्चाला येणाऱ्या बाईने दिलेली किंमत मला नेहमी मोठी वाटत आली आहे, कारण हजाराच्या दराने पैसे मिळणाऱ्या कामात रजा नावाची गोष्ट नसते. मोर्चाला गेलेल्या दिवशी विड्या होत नाहीत, म्हणजे त्या दिवशीचे पैसे नाहीत.

पैसा कुठून आला

आता पैशाचा हिशेब. घरकुल योजनेत एका घरामागे सुमारे ६० हजार रुपयांचा खर्च धरला होता. त्यातले २० हजार केंद्र सरकारचे, २० हजार राज्य सरकारचे आणि २० हजार त्या बाईने स्वतः उभे करायचे, अशी सरळ तीन वाटण्यांची रचना होती. वाचणाऱ्याला येथे सरकारने केलेली मदत दिसते. केंद्राच्या वाट्याचा उगम मात्र पाहण्यासारखा आहे.

१९७६ मध्ये संसदेने दोन कायदे केले. एकाने विडी उद्योगावर उपकर बसवला आणि दुसऱ्याने त्या उपकराच्या पैशातून विडी कामगार कल्याण निधी उभारला. कामगारांसाठी दवाखाने, त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि घरांसाठी अनुदान हे या निधीचे मुख्य उपयोग. उपकर हजार विड्यांमागे आकारला जाई आणि कायद्याने त्याची कमाल मर्यादा पाच रुपये ठेवली होती. म्हणजे बाईची मजुरी ज्या मापाने मोजली जाते, त्याच मापाने तिच्या कल्याणाचा पैसाही जमा होत होता.

समजण्यासाठी एक हिशेब मांडून पाहू. उदाहरणादाखल हजारामागे दोन रुपये उपकर धरला, तर २० हजार रुपये जमा व्हायला एक कोटी विड्या वळाव्या लागतात. एक बाई रोज हजार विड्या वळते आणि वर्षातले ३०० दिवस काम करते असे धरले, तर तिच्या हातून वर्षाला तीन लाख विड्या होतात, आणि एक कोटीचा आकडा गाठायला तिला तेहतीस वर्षे लागतात. एका बाईच्या आयुष्यभराच्या कष्टांवरचा उपकर जवळजवळ एका घराच्या एका वाट्याएवढा भरतो. एकटीच्या हिशेबाने हे कधी जमणारे नव्हते. पण निधी सामाईक असतो, देशभरच्या विड्यांवर गोळा होतो, आणि जे संघटितपणे, कागदपत्रांसह मागतात त्यांच्यापर्यंत आधी पोहोचतो. सोलापूरच्या बायकांनी तो मागितला. त्यामुळे कुंभारीच्या घरांना कुणी ‘फुकटची घरे’ म्हटले की मला ते अन्यायाचे वाटते: एक वाटा त्यांनी रोख दिला आणि दुसऱ्या वाट्याचा पैसा त्यांच्यासारख्याच हातांनी वळलेल्या विड्यांवरून गोळा झाला होता.

केंद्राचे हे अनुदान मिळण्यासाठी विडी कामगार असल्याचे ओळखपत्र लागे. येथे साखळी जुळते. कार्डावर नाव असेल तर ओळखपत्र, ओळखपत्र असेल तर अनुदान. ज्या बाईने दहा-पंधरा वर्षे आधी ओळखपत्रासाठी रांगेत उभे राहण्याचा कंटाळा केला नाही, तिला त्याचा उपयोग घराच्या वेळी झाला.

बाईने उभे करायचे २० हजार हा सर्वांत अवघड वाटा होता, हे वेगळे सांगायला नको. महिन्याच्या मजुरीतून वाचवून, भिशी लावून, गळ्यातले गहाण टाकून अशा रकमा उभ्या राहतात, हे सोलापूरच्या कोणत्याही कामगार वस्तीत राहिलेल्या माणसाला ठाऊक आहे.

सहकारी संस्था का लागते

बायकांकडे ओळखपत्र आहे आणि अनुदान मंजूर आहे, तर प्रत्येकीने आपापले घर का बांधू नये? अडचण जमिनीची. शहरात जागेचा भाव कामगाराच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो. शहराबाहेर शेतजमीन स्वस्त मिळते, पण ती घरासाठी वापरायची तर बिगरशेती करून घ्यावी लागते, आराखडा मंजूर करावा लागतो, रस्ते आणि मोकळ्या जागा सोडाव्या लागतात, पाणी आणि वीज आणावी लागते. हा खर्च आणि हे हेलपाटे एका घराला झेपत नाहीत. दहा हजार जणींमध्ये वाटले तर झेपतात. सिमेंट, लोखंड, वीट घाऊकात घेतल्याने होणारी बचतही त्यात मिळवावी लागते.

या सामूहिक व्यवहाराला कायदेशीर रूप देण्यासाठी महाराष्ट्रात १९६० चा सहकारी संस्था कायदा आहे. नोंदणी झाली की संस्था ही कायद्याच्या नजरेत एक स्वतंत्र व्यक्ती होते: तिला जमीन घेता येते, करार करता येतात, बँकेत खाते उघडता येते, तिच्यावर आणि तिला दावा करता येतो. सभासद भाग घेतात, त्या भागाचा दाखला त्यांच्या नावावर निघतो, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते, हिशेबाची तपासणी होते आणि सभेत भाग कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत असते. शेवटचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. कंपनीत ज्याचे पैसे जास्त त्याची मते जास्त. सहकारात नाव नोंदले की मत एक. आयुष्यभर दुसऱ्याने मोजलेल्या विड्यांवर जगलेल्या बाईला येथे हिशेब विचारण्याचा हक्क मिळतो.

सोलापूर जिल्ह्याला सहकार नवा नाही. साखर कारखाने, सूतगिरण्या, यंत्रमागधारकांच्या संस्था, पतसंस्था येथे मुबलक आहेत. पण त्यांत सभासद म्हणून नोंद बहुधा जमीनधारकाची किंवा मागाच्या मालकाची, म्हणजे घरातल्या पुरुषाची असते. ज्या संस्थेच्या नावातच ‘महिला’ आणि ‘कामगार’ हे दोन्ही शब्द आहेत आणि जिचे सभासदत्व बाईच्या कामावरून ठरते, ती या परंपरेत वेगळी ठरते.

कॉम्रेड मीनाक्षीताई साने यांच्या नावानेही पुढे विडी कामगार महिलांच्या घरांचे काम झाले. मीनाक्षीताई सोलापूरच्याच कामगार चळवळीतल्या, त्यामुळे त्यांचे नाव जुन्या गिरणी कामगार घरांत आपुलकीने घेतले जाते.

घराच्या दारावर तिचे नाव

सामाजिक परिणाम मोजणे कठीण असते, आणि सोलापूरच्या घरकुलांबद्दल बोलताना भावनेच्या भरात वाटेल ते दावे करणे सोपे आहे. म्हणून मी आधी दुसरीकडचा एक अभ्यास सांगतो. प्रदीप पांडा आणि बिना अगरवाल या अर्थतज्ज्ञांनी केरळमध्ये विवाहित स्त्रियांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या नावावर काहीच मालमत्ता नव्हती अशा स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी दीर्घकाळ नवऱ्याकडून मारहाण सोसल्याचे सांगितले. ज्यांच्या नावावर घर होते त्यांच्यात हे प्रमाण सुमारे १० टक्के, आणि घर व जमीन दोन्ही असणाऱ्यांत ७ टक्के होते. कारण समजण्यासारखे आहे. घर तिचे असेल तर तिला ‘चालती हो’ म्हणता येत नाही, आणि प्रसंग आलाच तर तिला जायला जागा असते. अभ्यास केरळचा आहे आणि सोलापूरची परिस्थिती वेगळी आहे, तरी घराच्या नोंदीतला नावाचा रकाना किती खोलवर काम करतो, हे त्यावरून कळते.

गिरणी बंद पडल्यानंतर सोलापूरच्या अनेक पुरुषांच्या हाताला काम राहिले नाही, आणि रिकाम्या हाताबरोबर दारू, कर्ज आणि घरातली भांडणे वाढली, हे पूर्व भागात वाढलेल्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही. त्या काळात घर जर नवऱ्याच्या नावाने मिळाले असते, तर त्यातली किती घरे सावकाराच्या घशात गेली असती, याचा विचार मनात येतोच. नाव बाईचे ठेवण्याचा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचा होता.

दुसरा परिणाम कमी बोलला जातो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचा पत्ता दर दोन-तीन वर्षांनी बदलतो. पत्ता बदलला की शिधापत्रिका, मतदार यादी, मुलांची शाळा, भविष्य निर्वाह निधीचा पत्रव्यवहार, सगळे विस्कटते. निवृत्तिवेतनाच्या योजनेत २०१४ पासून महिना किमान एक हजार रुपयांची तरतूद आहे. ही रक्कम तुटपुंजी आहे, पण तीसुद्धा मिळायची तर कागदावरचा पत्ता, नाव आणि जन्मतारीख जुळावी लागते. कायमचे घर म्हणजे कायमचा पत्ता, आणि विडी कामगार बाईसाठी तो पत्ता तिच्या इतर सर्व हक्कांचा पाया ठरतो.

वसाहतीतल्या बायका एकमेकींच्या दारात सूप घेऊन बसतात. शेजारणी ‘अक्का’ आणि ‘वदिना’ म्हणून हाका मारतात. नवरात्रात बतुकम्मा या तेलंगणातल्या सणाची फुले रचली जातात. कामाची जागा आणि शेजार एकच असल्याने दर किती आहे, कोणत्या ब्रँचवर छाट जास्त काढतात, कुणाचे कार्ड बंद झाले, ही माहिती येथे भराभर फिरते. कारखान्याबाहेर विखुरलेल्या कामगारांना एकत्र आणणे ही संघटनेची नेहमीची डोकेदुखी असते, आणि एकाच धंद्यातल्या दहा हजार बायका एका शिवारात राहायला आल्या की तिच्यावर काही प्रमाणात उतारा मिळतो.

जे सुटले नाही

कुंभारी शहराच्या महापालिका हद्दीबाहेर आहे, आणि स्वस्त जमिनीची ही किंमत होती. एका घरात चार माणसे धरली तरी दहा हजार घरांत चाळीस हजार माणसे होतात, म्हणजे एखाद्या लहान तालुक्याच्या गावाएवढी वस्ती. तिला पाणी, सांडपाणी, शाळा, दवाखाना आणि बस या साऱ्याची गरज शहराएवढीच असते, पण त्यासाठीची यंत्रणा गावाची असते. भांडी घासण्याच्या कामाला किंवा यंत्रमागावर शहरात जाणाऱ्याला रोजचा येण्याजाण्याचा खर्च सोसावा लागतो. घरांची योजना आखताना रोजगाराचे आणि वाहतुकीचे नियोजन मागे पडते, ही चूक देशभरच्या कामगार वसाहतींत पुन्हा पुन्हा दिसते.

दुसरा प्रश्न धंद्याचाच आहे. विडी आरोग्याला घातक आहे, आणि ती ओढणाऱ्याइतकीच वळणारीही त्याची झळ सोसते. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचे चित्र छापणे बंधनकारक झाले. विडीचा खप घटला तर सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. पण विडी कमी करायची तर वळणाऱ्या बाईला दुसरे काम आधी द्यावे लागते, आणि हे काम कुठल्याच सरकारने पुरेसे मनावर घेतलेले नाही. उलट २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा विडीवरचा कल्याण उपकर रद्द झाला. ज्या वाटेने घराचा एक वाटा आला होता, ती वाट बंद झाली. २०२० मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कामगार संहितांमध्ये १९६६ चा विडी कायदाही विलीन करण्यात आला.

तिसरी गोष्ट पुढच्या पावलाची. कुंभारीतच ‘रे नगर’ या नावाने असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची योजना आखली गेली. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिची पायाभरणी आणि १९ जानेवारी २०२४ रोजी १५ हजार घरांचे लोकार्पण झाले. यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक, रिक्षा आणि इतर वाहनांचे चालक, विडी कामगार असे अनेक प्रकारचे कष्टकरी तिचे लाभार्थी आहेत. प्रधानमंत्री आवास योजनेतले घर बाईच्या नावावर किंवा तिच्यासह संयुक्त नावावर असावे, हा नियम आज देशभर आहे. गोदूताई घरकुलात ही गोष्ट २००६ मध्येच झाली होती, याचा सोलापूरकर म्हणून मला अभिमान वाटतो.

आता पहिल्या पिढीतल्या सभासद बायका साठी-सत्तरीच्या झाल्या आहेत, आणि वस्तीत एक नवा व्यावहारिक प्रश्न उभा राहिला आहे: तिच्यानंतर घर कुणाचे? सहकारी गृहनिर्माण संस्थेत सभासदाला हयातीत नामनिर्देशन करता येते. नामनिर्देशित व्यक्तीला संस्था वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेते, पण त्यामुळे इतर वारसांचा हक्क आपोआप संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे स्पष्ट केले आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू स्त्रीची मालमत्ता, ती माहेरकडून किंवा सासरकडून वारशाने आलेली नसेल तेव्हा, मुलगे, मुली आणि नवरा यांना समान हिश्शाने मिळते. तरीही प्रत्यक्षात अर्ज भरताना बहुतेक ठिकाणी थोरल्या मुलाचे नाव लिहिले जाते, कारण ‘मुलगी काय, सासरी गेली’ हे वाक्य लिहून घेणाऱ्याच्याही आणि लिहून देणाऱ्याच्याही तोंडी असते. ज्या मुलीने लहानपणी आईशेजारी बसून दोरा बांधून दिला, तिचे नाव या घरावर यावे असे आईला वाटत असेल, तर तिला ते लिहिता येते. नामनिर्देशनाच्या अर्जात एकाहून अधिक व्यक्तींची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा नमूद करता येतो, आणि एकदा भरलेला अर्ज सभासद हयातीत केव्हाही बदलू शकते.